वही एकच आहे ना?

प्रोग्रामिंग शिकणारी आमच्या भागातली पोरं मला रात्री दहानंतर मेसेज करतात. तोवर मी ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरून, शेअर रिक्षाने शहापूरला पोचून जेवलेली असते, हे त्यांना पाठ झालंय. प्रश्न बऱ्याचदा एकच असतो. "ताई, एका फाईलमध्ये क्लासचा ऑब्जेक्ट बनवलाय. तोच दुसऱ्या फाईलमध्ये पाहिजे. तिथे परत न्यू केलं की रिकामा येतो." सोबत स्क्रीनशॉट. तो फोनचाच असतो, कारण बहुतेकांकडे लॅपटॉप नाही. कोडही फोनवरच लिहितात, अंगठ्याने.

उत्तर छोटं आहे. क्लास ज्या फाईलमध्ये लिहिलाय, त्याच फाईलमध्ये एकदा न्यू करा आणि तयार झालेला ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करा. बाकीच्या फाईलींनी तो नुसता इम्पोर्ट करायचा, कुणीही परत न्यू करायचं नाही. जावास्क्रिप्टमध्ये अशी प्रत्येक फाईल म्हणजे एक मॉड्यूल. ते कितीही जणांनी मागवलं तरी धावतं एकदाच, आणि पहिल्यांदा धावल्यावर जो ऑब्जेक्ट तयार झाला तोच सगळ्यांच्या हातात येतो. ज्याला पुस्तकात 'शेअर्ड इन्स्टन्स' म्हणतात तो एवढ्यात मिळतो.

एवढं लिहून झोपता येतं आणि मी तशी झोपतेही. पण या उत्तरात 'तीच फाईल' हे दोन शब्द आपण फार सहज बोलून जातो. ती तीच आहे हे ठरवतं कोण? माझ्या आतेभावाच्या मळणी यंत्राची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे नीट समजावता येत नाही.

आत्याचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. शहापूरहून किन्हवलीवरून गेलं की मोटरसायकलवर पोचायला फार वेळ लागत नाही. तिथल्या बायकांच्या बचत गटाने काही वर्षांपूर्वी भात झोडायचं यंत्र घेतलं, डिझेल इंजिनावर चालणारं. गावात ते एकच. गाव आणि आजूबाजूच्या तीन वाड्या मिळून सगळी झोडणी त्यावर. दिवाळीच्या आगेमागे सगळ्यांचं भात एकदमच कापणीला येतं, भारे बांधून खळ्यावर येतात, आणि मग यंत्र कधी कुणाच्या खळ्यावर जाणार हा गावातला सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसतो. कारण परतीचा पाऊस. दुपारी लख्ख ऊन असतं आणि चारला माळशेजच्या बाजूने काळं येतं. भारे भिजले तर दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो, आणि त्या घराचं वर्षभराचं खाणं खराब होतं. विकायचं भात वेगळं, घरी खायचं वेगळं. इकडे बहुतेकांचं खायचंच असतं.

कुणाचा नंबर कधी, हे आत्याच्या वहीत लिहिलेलं असतं. लाल पुठ्ठ्याची लांबट वही. तिला भोक पाडून सुतळी ओवलेली आणि सुतळीचं दुसरं टोक ओटीवरच्या खिळ्याला बांधलेलं. वही घराबाहेर जात नाही. कुणाला नंबर लावायचा असेल त्याने ओटीवर यायचं. वाचायला कुणीही वाचावी, लिहायची मात्र आत्यानेच. पेन तिच्या ब्लाउजला अडकवलेलं असतं. मागच्या पानांवर उधारी, म्हणजे कुणाचं किती भाडं राहिलंय. ती पानं ती कुणाला उघडू देत नाही. "ज्याचं त्याला सांगंन," म्हणते.

मी हे लहानपणापासून नाही, पण यंत्र आल्यापासून बघत होते, आणि त्यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. आतेभाऊ मुरबाडला कॉलेजात जायला लागला, यूट्यूबवर जावास्क्रिप्ट शिकला, आणि एके दिवशी त्याने ठरवलं की वही फोनवर आणायची. त्याचं म्हणणं रास्त होतं. लांबच्या वाडीतल्या माणसाने नंबर लावायला दोन डोंगर उतरून का यावं? त्याने फोन करावा, भावाने तिथल्या तिथे मोकळी वेळ बघून सांगावी.

त्याने एक क्लास लिहिला. क्लासचं नावही 'वही' आणि ऑब्जेक्टचं 'आपलीवही', दोन्ही देवनागरीत. जावास्क्रिप्टला ते चालतं, व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवलं तरी ती कुरकुर करत नाही. (टाईप करायला कटकट होते ते सोडा.) वहीची एक फाईल, नवी नोंद करायच्या फॉर्मची दुसरी, आणि मोकळ्या वेळा दाखवणाऱ्या वेळापत्रकाची तिसरी. फॉर्म आणि वेळापत्रक, दोघांनी वही इम्पोर्ट केलेली. नोंद झाली की ती फोनच्या ब्राउझरमध्ये साठवली जाई, म्हणजे पान बंद केलं तरी जायची नाही. पान उघडताना वही ती साठवण एकदा वाचून घेई. अगदी पुस्तकात दाखवतात तसं.

पंधरा-वीस दिवस छान चाललं. मग ऐन झोडणीत एका रात्री त्याला लागोपाठ दोन फोन आले. पहिला गावातल्याच एका घराचा, दुसरा लांबच्या वाडीतल्या ठाकरांच्या घराचा. दोघांना शनिवारची सकाळ पाहिजे होती. पहिल्याची नोंद केली. दुसऱ्याच्या वेळी वेळापत्रक बघितलं, तर शनिवारची सकाळ मोकळी. त्यालाही देऊन टाकली. सकाळी पान उघडलं तर शनिवारच्या चौकटीत दोन नावं, एकाखाली एक. तेव्हा शनिवारच उजाडला होता आणि यंत्र गावातल्या घराकडे निघालंही होतं.

वाडीतल्या घराने चार माणसं मजुरीने बोलावलेली. उडवी मोडून भारे खळ्यावर पसरून ठेवलेले. फोन गेला तेव्हा तिकडे रेंज नव्हती. दुपारी पाऊस आला. त्यांच्याकडे ताडपत्री एकच होती, ती अर्ध्या भाऱ्यांना पुरली. आत्याने संध्याकाळी यंत्र तिकडे पाठवलं आणि ट्रॅक्टरच्या दिव्यांवर रात्री झोडणी झाली. कोरडं होतं ते झोडलं. ओलं दुसऱ्या दिवशी उन्हाला पसरलं. किती गेलं हे त्या घराने कधी सांगितलं नाही. भाडं मात्र आत्याने घेतलं नाही.

आतेभावाचा मला फोन आला तो रविवारी. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असा त्याचा आवाज होता. "ताई, गंमत बघ ना. रिफ्रेश केलं की सगळं बरोबर दाखवतंय. नोंद केल्या केल्या बघितलं की वेळापत्रकात येत नाही."

'रिफ्रेश केल्यावर बरोबर' हे ऐकलं की माझे कान टवकारतात. म्हणजे साठवलेलं बरोबर आहे, हातातलं चुकीचं. आणि एकाच पानावर दोन जागी दोन वेगवेगळी उत्तरं येतायत, म्हणजे बहुतेक वह्या दोन आहेत. मी त्याला सांगितलं की वहीच्या फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत 'वही उघडली' असा संदेश टाक. लॅपटॉप असता तर कन्सोलवर छापलं असतं, फोनवर कन्सोल कुठून आणणार? अलर्ट टाकला. पान उघडलं. 'वही उघडली.' ओके दाबलं. परत 'वही उघडली.'

फाईल एकदाच धावते म्हणतात ना? ती दोनदा धावली होती.

कारण मिळायला मग पाच मिनिटं लागली. आठवड्यापूर्वी त्याने वहीच्या फाईलमध्ये सुधारणा केली होती, पण फोनचा ब्राउझर जुनीच साठवलेली फाईल दाखवत राहिला. कुठल्यातरी व्हिडिओत उपाय सापडला की इम्पोर्टमधल्या पत्त्याच्या शेवटी '?व्ही=२' असं शेपूट लाव. ब्राउझरला तो पत्ता नवा वाटतो आणि तो फाईल ताजी आणतो. उपाय खोटा नाही, सगळं जग तो वापरतं. त्याने तो वेळापत्रकाच्या फाईलमध्ये लावला. फॉर्मच्या फाईलमध्ये जुनाच पत्ता राहिला.

ब्राउझर मॉड्यूलची यादी ठेवतो ती पूर्ण पत्त्यावर, शेपटासकट. आतला मजकूर अक्षरन् अक्षर सारखा आहे का, हे तो बघत नाही. पत्ता वेगळा तर मॉड्यूल वेगळं, ते पुन्हा धावणार, आतलं न्यू पुन्हा होणार, दुसरी वही तयार होणार. फॉर्म लिहीत होता एका वहीत, वेळापत्रक वाचत होतं दुसरीतून. दोघींनी सुरुवातीला एकच साठवण वाचल्यामुळे त्या जुळ्या दिसत होत्या, आणि पान उघडं असेपर्यंतच एकमेकींपासून लांब जात होत्या. रिफ्रेश केलं की परत जुळ्या.

हा दोष भावाच्या फोनपुरता नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्येही तसंच आहे. तिथली जुनी रिक्वायरची पद्धत मॉड्यूलची आठवण ठेवते ती फाईलच्या पूर्ण मार्गावर. विंडोजसारख्या, लहान-मोठी लिपी एकच मानणाऱ्या मशीनवर एकाने फाईलचं नाव लहान अक्षरात लिहिलं आणि दुसऱ्याने मोठ्या, तर फाईल एकच उघडते पण ऑब्जेक्ट दोन होतात. नोडच्या दस्तऐवजातच तसा इशारा दिलाय.

माझ्या ऑफिसातली आवृत्ती याहून महाग असते. रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्यांनी 'इन्व्हॅलिड हूक कॉल' नावाची एरर बघितली असेल. तिच्या कारणांमध्ये एक कारण असं की प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती आल्यात, एक तुम्ही घेतलेली आणि एक कुठल्यातरी लायब्ररीने आपल्याबरोबर आणलेली. कोडमध्ये दोन्हीकडे रिअ‍ॅक्ट असंच लिहिलंय, वाचणाऱ्याला एकच दिसतं. अशा वेळी 'हा ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का' असं विचारलं तरी उत्तर 'नाही' येतं, कारण क्लासही दोन झालेले असतात, नावाने सारखे. एनपीएम एलएस आणि पुढे पॅकेजचं नाव टाकलं की कुठल्या प्रती कुठून आल्यात ते दिसतं. मी नव्या पोरांना हे आधी शिकवते.

आमच्याकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून पटकन कळतं. तलाठ्याकडची नोंद एक, झेरॉक्स शंभर. झेरॉक्स काढली त्या दिवशी दोन्ही सारख्याच असतात. फेरफार झाला की तुमच्या हातातला कागद जुना होतो, आणि तो जुना झालाय हे त्या कागदाला माहीत नसतं. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट इम्पोर्ट केला की झेरॉक्स मिळत नाही, मूळ नोंदीकडे नेणारी वाट मिळते. साधा आकडा इम्पोर्ट केला तरी नव्या मॉड्यूल पद्धतीत तो जिवंत असतो, म्हणजे मूळ फाईलने बदलला की तुमच्याकडेही बदललेला दिसतो. तुम्हाला मात्र तो बदलता येत नाही. नोडच्या जुन्या रिक्वायर पद्धतीत तुम्ही तोच आकडा ऑब्जेक्टमधून बाहेर काढून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात की ती झेरॉक्स झाली. दोन्ही पद्धती एकाच प्रोजेक्टमध्ये मिसळणाऱ्यांचे केस याने पांढरे झालेत.

हे सगळं इतकं विस्कटलेलं का, याला इतिहास आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना केला, तेव्हा वेबपानावर चार ओळींपेक्षा जास्त कोड कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॉड्यूल हा प्रकारच नव्हता. सगळ्या स्क्रिप्ट एकाच मोकळ्या माळावर आपापलं सामान टाकत, आणि दोघांनी एकच नाव ठेवलं की मागचा पुढच्याचं पुसून टाकी. २००९ साली रायन डाल यांनी नोड आणलं, तिथे रिक्वायर आलं. भाषेच्या स्वतःच्या प्रमाणात मॉड्यूल आले ते २०१५ साली, क्लास हा शब्दही त्याच वर्षी. ब्राउझरांना ते चालवता यायला २०१७ उजाडलं. म्हणजे वीस वर्षं लोक आपापली कुंपणं घालत होते, आणि त्यातली अर्धी अजून उभी आहेत.

त्यात दुसऱ्या भाषांतून आलेले लोक आपली सवय घेऊन आले. १९९४ साली चौघांनी लिहिलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात सिंगलटन नावाचा नमुना आहे. क्लासने स्वतःच बघायचं की आपला एकापेक्षा जास्त ऑब्जेक्ट होऊ नये. जावामध्ये त्यासाठी 'गेट इन्स्टन्स' नावाची मेथड लिहितात, आणि ती शिकलेला माणूस जावास्क्रिप्टमध्येही लिहितो. गरज नसते, मॉड्यूल ते काम फुकटात करतं. शिवाय मॉड्यूलच दोनदा धावलं तर गेट इन्स्टन्सही दोन होतात, त्यामुळे भावाचा शनिवार त्यानेही वाचला नसता. त्या चौघांपैकी एरिक गॅमा यांनी २००९ सालच्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की नमुन्यांची यादी पुन्हा करायची तर सिंगलटन गाळावा असं त्यांना वाटतं. मुलाखतींमध्ये नोकरीच्या उमेदवारांना अजून तोच विचारतात, ही गंमत वेगळी.

तर भावाचं शेपूट काढलं. फाईल ताजी आणायची सोय तर हवीच होती, म्हणून इम्पोर्ट मॅप लावला. पानाच्या सुरुवातीला एकदाच लिहायचं की 'वही' म्हटलं की हा पत्ता, शेपटासकट. बाकीच्या फाईली फक्त 'वही' म्हणणार. आवृत्ती बदलली तर एकाच ओळीत बदलेल. अलर्ट एकदाच आला.

मला वाटलं झालं. पण कोड पूर्ण वाचत गेले तसं लक्षात आलं की वही एक झाली खरी, पण तिला सुतळी कुठे आहे? फॉर्म थेट वहीच्या आतल्या यादीत नाव ढकलत होता. वेळापत्रक दाखवण्यासाठी तीच यादी उलटसुलट लावून घेत होतं, आणि तसं करताना मूळ यादीचाच क्रम बदलत होतं. उधारीचा हिशोब करणारी फाईल नोंदीत स्वतःच्या खुणा करत होती. ऑब्जेक्ट सामायिक केला की प्रत्येक फाईलच्या हातात पेन जातं. कॉन्स्टने एक्स्पोर्ट केलं म्हणून वाचत नाही. कॉन्स्ट फक्त ते नाव दुसऱ्या ऑब्जेक्टला लावू देत नाही, आतलं सामान कुणीही हलवू शकतं.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हा फरक समजावायला लागत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर आमच्याकडे, पाणी जातं मुंबईला, आणि धरणाच्या वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो. पाणी सगळ्यांचं असं कागदावर लिहिलेलं असतं. चावी कुणाकडे, हे वेगळं विचारावं लागतं.

आत्याची वही या बाबतीत तिच्या मुलाच्या वहीपेक्षा पुढे होती. वाचायला सगळ्यांना, लिहायला एकाच हाताने. आम्ही तेच केलं. यादी क्लासच्या आत खाजगी ठेवली. नावामागे हॅश लावला की भाषाच बाहेरच्याला हात लावू देत नाही, २०२२ च्या प्रमाणापासून ही सोय आहे. बाहेर फक्त तीन मेथड ठेवल्या: नोंद कर, नोंद रद्द कर, आणि दिवसाची यादी दे. यादी मागितली तर झेरॉक्स मिळते, मूळ नाही. आणि मोकळी वेळ आहे की नाही हे वेळापत्रकाने बघायचं नाही. ते बघायचं नोंद करणाऱ्या मेथडनेच, लिहायच्या आधी, त्याच जागी. शनिवारी गेलं ते यात गेलं होतं. बघणारा एक आणि लिहिणारा दुसरा होता, म्हणून दोन वह्यांचा दोष इतका महागात पडला. वेळ भरलेली असेल तर मेथड नोंद घ्यायचंच नाकारते, मग वेळापत्रक काहीही दाखवो.

भावाने विचारलं, "मग इम्पोर्टच बंद करू का? मुख्य फाईलमध्ये वही बनवतो आणि फॉर्मला, वेळापत्रकाला हातात देतो." हा त्याचा स्वतःचा विचार, व्हिडिओतला नाही, म्हणून मला जास्त आवडला. याला मोठी नावं आहेत, पण अर्थ एवढाच की ज्याला वही लागते तो ती मागून घेतो, गुपचूप उचलून आणत नाही. कन्स्ट्रक्टरची यादी वाचली की कोण कोण वहीला हात लावतंय ते कळतं. तपासणी करताना खोटी वही देता येते. तोटा असा की पाच फाईली ओलांडून वस्तू पोचवायची तर मधल्या चौघांना हमाली पडते. मी याबाबत कट्टर नाही. नुसती वाचायची वस्तू, म्हणजे गावांची नावं, भाड्याचे दर, खुशाल इम्पोर्ट करावी. ज्यात लिहिलं जातं ती हातात द्यावी. आम्ही तसं केलं.

मग आत्याने स्वतःच्या फोनवर पान उघडलं. "अरे, यात तर काहीच नाय."

तिच्या फोनवर वही कोरी होती, आणि ते बरोबरच होतं. मॉड्यूलचं 'एकच' हे एका पानापुरतं असतं. दुसरा फोन, दुसरा टॅब, एवढंच काय, त्याच पानातला आयफ्रेम किंवा वर्कर, प्रत्येकाची आपापली वही. भावाला वाटलं होतं की शेअर्ड म्हणजे गावभर शेअर्ड. नव्या पोरांपैकी निम्म्यांना असंच वाटतं, आणि शब्द बघता त्यांचं काही चुकत नाही.

गावभर एक पाहिजे तर सर्व्हर आला. त्याने तोच क्लास उचलून नोडवर ठेवला, एका फुकटच्या होस्टिंगवर. मी पुढच्या रविवारी किन्हवलीच्या रस्त्याने तिकडे गेले तेव्हा त्याने कौतुकाने दाखवलं. दोन फोन, एक वही, चालतंय. मी कोड वाचायला मागितला. वहीत एक प्रॉपर्टी होती, 'आत्ताकोण'. लॉगिन झालं की तिथे त्या घराचं नाव ठेवायचं, आणि उधारीचं पान त्या नावाची उधारी दाखवायचं.

फोनवर असताना ही ओळ निरुपद्रवी होती. एक पान, एक माणूस. सर्व्हरवर मॉड्यूल एकदा धावतं आणि येणाऱ्या सगळ्या लोकांना तोच ऑब्जेक्ट मिळतो. एका घराने लॉगिन केलं, त्यांचं पान तयार होता होता डेटाची वाट बघत क्षणभर थांबलं, तेवढ्यात दुसऱ्या घराने लॉगिन केलं, की 'आत्ताकोण' बदललं, आणि पहिल्याला दुसऱ्याची उधारी दिसली. घरी दोन फोनवर तपासताना हे सहसा घडत नाही. झोडणीच्या रात्री तीसजण एकदम बघायला आले की घडतं. आधी दोन वह्या झाल्याने नुकसान होत होतं, इथे एक असल्यानेच होणार होतं.

मी आत्याला बोलावून विचारलं, समजा असं झालं तर? तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाय, मागची पानं मी सासूला पण दाखवली नाय." वाडीतल्या त्या घराचं भाडं शनिवारी घेतलं नाही, हेही त्या पानांवर कुठेतरी असणार. गावात ते कुणाला माहीत व्हावं असं तिला वाटत नव्हतं, आणि त्या घरालाही वाटलं नसतं.

'आत्ताकोण' काढलं. कोण विचारतंय हे प्रत्येक विनंतीबरोबर येतं, ते त्या विनंतीबरोबरच हातातून हातात द्यायचं आणि ती संपली की विसरायचं. सर्व्हरवरच्या सामायिक ऑब्जेक्टमध्ये माणूस ठेवायचा नाही. डेटाबेसची जोडणी ठेवा, दरपत्रक ठेवा, हरकत नाही. जोडणी तर मुद्दाम एकच ठेवावी लागते. काही फ्रेमवर्कमध्ये कोड लिहिता लिहिता मॉड्यूल पुन्हा पुन्हा धावतात आणि दर वेळी नवी जोडणी उघडून डेटाबेस घाबरा होतो. त्यावर तोडगा म्हणून लोक ती जोडणी ग्लोबल धिसवर, म्हणजे त्या जुन्या मोकळ्या माळावरच, नेऊन बांधतात. प्रिझ्मासारख्या साधनांच्या मार्गदर्शिकेत हाच उपाय सांगितलेला आहे. इथे तो मला मान्य आहे.

नोंदी मात्र ऑब्जेक्टमध्ये ठेवायच्याच नाहीत, हे फुकटच्या होस्टिंगनेच शिकवलं. कुणी फिरकलं नाही की ते सर्व्हर झोपवतं, जागं करताना मॉड्यूल नव्याने धावतं, आणि वही कोरी. पैसे भरून मोठं घेतलं तरी एकाच्या दोन प्रोसेस झाल्या की दोन वह्या. नोंदी डेटाबेसमध्ये गेल्या, आणि 'एका दिवशी एका वेळेला एकच नाव' ही अटही तिथेच, टेबलावर युनिक म्हणून बसवली. आता सर्व्हरवरचा वहीचा ऑब्जेक्ट एक असो की चार, शनिवार सकाळ दुसऱ्यांदा दिली जात नाही. क्लास अजून आहे, पण तो नुसता डेटाबेसपर्यंत निरोप नेतो.

एक भाग राहिलाय. टेकडीपलीकडच्या वाडीत रेंज नाही, आणि भावाची इच्छा आहे की तिथल्या माणसाने ऑफलाइन नंबर लावावा, रेंजमध्ये आला की नोंद आपोआप जावी. म्हणजे काही तास दोन वह्या असणारच, जाणूनबुजून. दोन्हीकडे तीच वेळ लिहिली गेली तर कुणाची धरायची? आधी लिहिली त्याची, की आधी पोचली त्याची? फोनमधलं घड्याळ पुढे-मागे असतं, आणि आधी पोचलेल्याची धरली तर रेंजवाल्या गावाची चांदी. आम्ही दोन रविवार यावर घालवले. सध्या तिथल्या नोंदीपुढे पिवळा ठिपका येतो आणि खाली 'आत्याला विचारून पक्कं' असं लिहिलेलं असतं. पिवळा ठिपका दिसला की आत्या वाडीतल्या शाळेच्या मास्तरांकरवी निरोप पाठवते, उत्तर आलं की लाल वहीत लिहिते, आणि मग भाऊ ते फोनवर चढवतो.